चढावर पडणारा काटा

३ जानेवारी

गॅरेजसाठी शेड घेऊन महिना होत आला. आज एक जण गाडी बाहेर चालूच ठेवून आत डोकावला आणि म्हणाला, "मिस्त्री कुठे गेलेत?" मी हातातला पाना वर केला. "नाही, म्हणजे, मिस्त्री?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "बरं बरं. येतो नंतर." 'नंतर येतो' म्हणून गेलेले आतापर्यंत बरेच झाले. सगळे एकदम परत आले तर शेडमध्ये उभं राहायला जागा पुरायची नाही.

नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं ते असं की गिऱ्हाइकाशी तो बोलेल आणि मशीनशी मी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही तसंच होतं. मी गाड्यांच्या पोटाखाली, तो काउंटरवर. तापलेला माणूस त्याच्याशी बोलून हसत बाहेर पडायचा. मग गेल्या वर्षी एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तो पलंगावर बसला, तो उठलाच नाही. शेड मी तरीही घेतली. लोक म्हणाले, धाडस आहे. धाडस कसलं, घरी बसवत नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. त्या दिराकडे असतात. विचारत होत्या, तुझ्याकडे नळाला पाणी किती वेळ असतं? म्हटलं, दिवसभर. "हो का," म्हणाल्या. मागे टीव्हीचा आवाज. मग एकदम, "ठेवते गं, ही आली." ही म्हणजे माझी जाऊ. नळाचं पाणी विचारायला कोणी फोन करतं का? माझ्यावर लक्ष ठेवायचं काम दिरानं त्यांच्यावर सोपवलेलं दिसतंय.

६ जानेवारी

दुपारी एक ट्रक आला आणि, नवल म्हणजे, थांबला. ड्रायव्हर चाळिशीचा, मानेभोवती मफलर. "मिस्त्री?" "मीच." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवर आकारानं लावलेल्या पान्यांकडे. म्हणाला, "मग बघा."

तक्रार अशी. सपाट रस्त्याला गाडी उत्तम चालते. तासभर चालून चढाला लागली की डिझेलच्या प्रेशरचा दिवा लागतो आणि इंजिन मरगळतं. थांबून थोडा वेळ गेला की जणू काही झालंच नाही. दोन ठिकाणी दाखवून झालंय. फिल्टर बदलला, प्रेशर मोजणारा सेन्सर बदलला, व्हॉल्व्ह बदलला. गाडी ऐकत नाही.

"मागल्या आठवड्यात फरशा भरल्या होत्या," तो म्हणाला. "चढावर मेली आणि मागे सरकली. मागे मोटारसायकल होती. नवरा-बायको आणि मध्ये मूल."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"ते उडी मारून बाजूला झाले. मोटारसायकल नाही वाचली." एवढं सांगताना त्यानं मफलर सोडून पुन्हा बांधला.

मालकांचा हुकूम आहे, नीट झाल्याशिवाय गाडी सोडून यायचं नाही. त्यामुळे तो केबिनमध्येच झोपणार. अंगणातला नळ दाखवला. जाता जाता गाडीच्या दारावर थाप मारून म्हणाला, "तशी गुणी आहे हो ताई. इंजिन ऑइलचा थेंब पीत नाही. कित्येक महिन्यांत वरून घालावं लागलं नाही." म्हटलं, अशी गाडी मिळायला नशीब लागतं.

७ जानेवारी

स्कॅनर लावला. इंजिन मागतं एक आणि त्याला मिळतं भलतंच. प्रेशरचा आकडा वर, खाली, पुन्हा वर. आणि मग अर्धा तास शहाण्यासारखा जागेवर. वायरिंगवर संशय होता म्हणून एकेक वायर हातानं हलवून पाहिली, जोड उघडून पुसले. ड्रायव्हर शेजारी उभा राहून बॅटरी धरत होता. हात हलला नाही त्याचा. नाहीतर बॅटरी धरणारा माणूस हमखास आपल्या डोळ्यांत उजेड मारतो.

वायरिंग ठीक आहे. म्हणजे आकडा खोटं बोलत नाहीये, प्रेशर खरंच पडतंय.

त्यानं चार वाजता दोन चहा आणले. समोरच्या टपरीवाल्याला मी महिनाभर रोज पाहते, पण चहा कधी मागवला नव्हता. एक चहा मागवणं बरं वाटत नाही.

८ जानेवारी

टाकीतून पंपाकडे डिझेल किती जोरानं येतं ते दाखवणारा साधा काट्याचा गेज लावला, लांब नळी काढून तो बाहेरच्या आरशाला चिकटपट्टीनं बांधला आणि निघालो. तो चालवतोय, मी काट्याकडे बघतेय. फाट्यावर मालकांच्या ओळखीच्या गोदामातून पोती भरून घेतली, रिकाम्या गाडीला चढ कळतच नाही म्हणून.

पहिला तास काटा खिळा मारल्यासारखा. तो हळूहळू बोलायला लागला. गाडी नवी आली तेव्हापासून तोच चालवतो. पहिल्या दिवशी घरातले सगळे जण मागच्या फळीवर बसून चक्कर मारून आले होते. "आमच्या आईला पुढे बसवलं होतं. तिनं सारखं विचारून जीव खाल्ला, हे बटण कशाचं, ते बटण कशाचं." मी हसले. त्यालाही हसू आलं, पण लगेच त्यानं गिअर बदलला, बदलायची गरज नसताना.

चढ सुरू झाला आणि काटा थरथरला. मग पडायला लागला, एकदम नाही, दमलेला माणूस खाली बसतो तसा. दिवा लागला. त्यानं कडेला घेतली, चाकांना दगड लावले. मी गाडीखाली घुसले. नळ्या कोरड्या, गळती कुठे नाही. बाहेर आले तर तो टाकीजवळ उभा, झाकणावर हात ठेवून.

"काय झालं?"

"काही नाही. थोडा वेळ द्या. श्वास बसला की निघते ती."

खरंच निघाली. माणसासारखं बोलतो गाडीबद्दल. ड्रायव्हर लोकांना सवयच असते.

घरी येऊन बसले तर सासूबाईंचा फोन. दाराला पायऱ्या किती आहेत विचारत होत्या. म्हटलं, दोन. "कठडा आहे का?" नाही म्हटलं. त्यांना वाटत असेल मी कुठल्या गोठ्यात राहते.

१० जानेवारी

टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी बदलली. पुन्हा तोच चढ, पुन्हा तोच दिवा, पुन्हा दगड लावून रस्त्याच्या कडेला बसणं.

सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या सोबत्याला फोन केला. तो सगळं ऐकूनही न घेता म्हणाला, "पंप बदलून टाक, विषय संपव." विषय संपला नाही तर? पंप काढून नवा बसवायचा आणि गाडी पुन्हा त्याच चढावर मेली तर? त्या वेळी मागे कोण असेल? मला मोटारसायकलवरचं ते मूल दिसतं. मी पाहिलेलं नाही तरी दिसतं.

खरं लिहायचं तर आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे जमत नाही. सेंटरमध्ये दहा जण असायचे, कोणाला तरी काहीतरी सुचायचं. इथे मी बोलले तर पत्र्याचा आवाज येतो.

११ जानेवारी

सकाळी तो चहा घेऊन आला आणि कप माझ्या हातात देता देता, दुसरीकडे बघत म्हणाला, "ताई, टाकी सोडून नुसत्या कॅनवर चालवून बघायची का?"

मला राग आला. ड्रायव्हरनं शिकवावं अशी वेळ आली का? आणि मलाही तेच सुचणार होतं, आज नाहीतर उद्या. पण कॅन बांधला. केबिनच्या मागे उघड्या तोंडाचा मोठा कॅन, जाणारी नळी त्यात, परत येणारी नळी त्यात. भरलेली गाडी चढाला घातली. काटा हलला नाही. घाट चढून वरपर्यंत गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. इंजिन कसं गात होतं!

म्हणजे पंप ठीक आहे. खोट टाकीत आहे. मी आनंदानं डॅशबोर्डवर थाप मारली. तो मात्र म्हणाला, "झालं मग," आणि सबंध रस्ता गप्प राहिला. मला वाटलं होतं त्याला जास्त आनंद होईल.

१२ जानेवारी

टाकीचं झाकण उघडायला गेले तर कुलूप. चोरांच्या भीतीनं बरेच जण लावतात, आजवर लक्षच दिलं नव्हतं.

"किल्ली द्या."

"मालकांकडे असते."

"मग डिझेल कसं भरता?"

"ते येतात पंपावर. ते उघडतात, भरून झालं की लावतात."

"प्रत्येक वेळी?"

"रस्त्यात चोऱ्या होतात ना," म्हणाला आणि नळावर हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते.

टाकीखाली शिरून वरच्या अंगाला हात घातला. टाकीला हवा आत घ्यायला एक बारीक नळी असते. डिझेल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर बाटली तोंडानं ओढल्यावर जे होतं तेच टाकीचं होतं. ती नळी चिखलानं बुजली असेल म्हणून खरवडली. चिखल नव्हता. भेगा बुजवायचा तो दगडासारखा होणारा लगदा होता, आणि त्यावर रंगाचा हात. कोणीतरी नीट बसून केलेलं काम. आणि झाकणही बाजारातलं, जाड, हवेला भोक नसलेलं.

मी खालून ओरडले, "दादा, ही नळी कोणी बुजवली?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "आधीच्या मिस्त्रीनं केली असेल."

मालकांना फोन केला. उद्या किल्ली घेऊन येतो म्हणाले. नळी आजच मोकळी करता आली असती, पण केली नाही. मालकांना डोळ्यांनी दिसू दे. ऐकून विश्वास ठेवणाऱ्यातला आवाज वाटला नाही.

१३ जानेवारी

आज बरंच लिहायचं आहे.

मालक सकाळी आले. ड्रायव्हरपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, इस्त्रीचा शर्ट, बोलताना हातातली किल्ल्यांची रिंग फिरवायची सवय. ड्रायव्हरनं "या मालक" म्हणून खुर्ची पुसली. मालकांनी खुर्चीकडे पाहिलं पण बसले नाहीत.

तिघं निघालो. मी मध्ये. दोघं जण तासभर एक शब्द बोलले नाहीत, आणि मला गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही हे तर ठरलेलंच आहे. मी काट्याशी बोलत राहिले. "अजून ठीक आहे. अजून ठीक आहे. आता बघा." चढावर काटा पडला. दिवा लागला. गाडी कडेला.

"मालक, इंजिन चालू असू द्या आणि कुलूप उघडा."

त्यांनी कुलूप काढलं. झाकण फिरलं, पण उचलेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा निघालं आणि टाकीनं असा लांब, मोठा श्वास आत घेतला की तिचा पत्रा टणकन वाजला. मालक एक पाऊल मागे झाले. वर आरशावर काटा उसळून जागेवर गेला, इंजिनचा आवाज मोकळा झाला.

मी त्यांना बुजवलेली नळी दाखवली. "हवेला जागाच नव्हती. ज्यानं कोणी हे केलं त्यानं गाडीचा गळा आवळला होता. कोणाचं काम आहे हे?"

"माझं," मालक म्हणाले.

"का पण?"

"डिझेल जात होतं." रिंग फिरायची थांबली होती. "दर फेरीला कमी भरायचं. झाकणाला कुलूप लावलं तरी त्या नळीतून काढतात म्हणे लोक. म्हणून तीही बंद केली."

"कुलूप लावल्यावर थांबलं?"

"नाही थांबलं."

ड्रायव्हर दरीकडे तोंड करून उभा होता. वाऱ्यानं मफलर उडत होता. मी, माझं तोंड कधी बंद ठेवायचं ते मला कळत नाही, म्हणाले, "गाडीबरोबर तर हेच असतात ना सारखे? ह्यांना दिसलं नसतं का चोर?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले.

परत येताना मालकांनी त्याला विचारलं, "आईला काही निरोप?" तो म्हणाला, "बरा आहे म्हणून सांगा." मी दोघांच्या मध्ये बसून एकदा ह्या नाकाकडे पाहिलं, एकदा त्या नाकाकडे. तेच नाक. मालक उतरल्यावर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो, सख्खे. कुलूप लावलं त्या दिवसापासून मी मालक म्हणतो. त्यांनाही काही वावगं वाटलेलं दिसत नाही."

नळी मोकळी केली. उद्या गाडी जाईल.

१४ जानेवारी

गेली नाही. मी जाऊ दिली नाही.

सकाळी शेवटचं म्हणून स्कॅनर लावला. काटा एकदम सरळ आहे, पण स्कॅनरवरचा आकडा अजून किंचित थरथरतो. थोडासाच. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. मालकांना फोनवर सांगितलं, एक दिवस द्या. ते म्हणाले, "बाई, काल तुम्हीच म्हणालात सापडलं. आता अजून काय काढताय?" काम लांबवतेय असं त्यांना वाटलं. हा माणूस सगळ्यांवर संशय घेतो, नुसता भावावर नाही.

पण प्रामाणिकपणे विचारायला हवं. आकडा थरथरतोय म्हणून थांबवलं, की उद्यापासून चार वाजता चहा येणार नाही म्हणून? प्रश्न लिहून ठेवते. उत्तर नको.

१५ जानेवारी

सापडलं.

सकाळभर एकच गोष्ट डोक्यात होती. कुलूप लावूनही डिझेल जात होतं. झाकण बंद, नळी बंद, बाहेर गळती नाही. मग गेलं कुठे? बाहेर नाही तर आत. आणि मग त्याचं पहिल्या दिवसाचं कौतुक आठवलं, ही ऑइलचा थेंब पीत नाही म्हणून. एवढी चाललेली गाडी थोडंतरी पितेच. पीत नसेल तर तिला दुसरीकडून कोणी पाजतंय.

ऑइल मोजायची पट्टी ओढली. खुणेच्या बरंच वर. बोटावर घेऊन हुंगलं. डिझेल. खालचा बोल्ट काढला तर ऑइल पडायच्या ऐवजी पाण्यासारखं धावलं. पंपाच्या दांड्याचं सील फाटलं होतं आणि डिझेल तिथून गुपचूप इंजिनच्या पोटात जात होतं, कित्येक महिने. आणखी थोडे दिवस अशी चालली असती तर इंजिन जाम होऊन रस्त्यातच बसलं असतं.

मालकांना बोलावून घेतलं. टपात ते पातळ ऑइल होतं, त्यांना बोट बुडवायला लावलं.

"तुमचं डिझेल हे इथे आहे," मी म्हटलं. "कोणी नेलं नाही."

त्यांनी बोट हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तसंच बोट धरून उभे राहिले, पुसायचं सुचेना. ड्रायव्हर शेजारी होता. मी वाट पाहत होते. मला वाटलं आता मोठा धाकट्याला मिठी मारेल किंवा धाकटा रडेल, काहीतरी होईल. गाडीत खोट सापडली की गाडी नीट होते, एवढंच मला माहीत.

मालक म्हणाले, "आता कळलं बरं झालं."

धाकट्यानं खिशातून गाडीची चावी काढून त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली. आवाज चढवला नाही. "ऑइलनं सांगितलं ते पटलं तुम्हाला. मी सांगितलं होतं, आईसमोर सांगितलं होतं, तेव्हा नाही पटलं."

"अरे, पण त्या वेळी..."

"त्या वेळीही हेच सील फाटलेलं होतं, मालक."

केबिनमधून पिशवी काढली, मला म्हणाला, "येतो ताई," आणि रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेला. मालक हाक मारतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण बस आली.

मग मालक त्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "सील कधी मिळेल?"

१९ जानेवारी

सील बसवलं, नवं ऑइल भरलं, हवेला भोक असलेलं साधं झाकण लावलं. आकडा शांत. मालक स्वतः घेऊन गेले. बऱ्याच वर्षांनी हातात घेत असावेत. फाटकातून निघताना गाडी दोनदा बंद पडली, आणि ह्या वेळी दोष गाडीचा नव्हता.

शेड रिकामी आहे. ट्रक उभा होता तिथे जमिनीवर ऑइलचा डाग आहे, त्यावर माती टाकली.

२३ जानेवारी

टपरीवाल्यानं विचारलं, "तुमचा भाऊ गेला का?" म्हटलं, तो भाऊ नव्हता, गिऱ्हाईक होतं. एक चहा घेतला. तितकं काही वाईट वाटत नाही एक चहा मागवायला. वाटतं, पण चालतं.

सासूबाईंनी विचारलं, खिडकीतून ऊन कुठल्या वेळी येतं. मला जरा कंटाळाच आला. म्हटलं, आई, तुम्हाला हवंय तरी काय नक्की? त्या घाबरल्यासारख्या झाल्या. "काही नाही गं, असंच. तू कामात असशील." आणि ठेवला.

२९ जानेवारी

दोन दिवसांत तीन गाड्या आल्या. मालकांनी कोणाकोणाला सांगितलं म्हणे. एक जण आत येऊन थेट म्हणाला, "ऑइल हुंगणाऱ्या बाई तुम्हीच ना?" फलकावर हेच लिहायला हवं होतं.

सासूबाईंचा फोन नाही. रोज वैताग यायचा, आता नाही तर फोनकडे सारखं लक्ष जातं. सवय वाईट.

४ फेब्रुवारी

आज मालक आले. गाडी दाखवायला असं म्हणाले. मी पट्टी ओढली, ऑइल खुणेवर होतं, वास नव्हता. "सगळं ठीक आहे," म्हटलं. तरी ते जाईनात. खुर्चीवर बसले, उठले, पाने पाहत राहिले. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. गाडी चालवून चालवून हाताला घट्टे आलेले.

"इकडे आला होता का तो?" शेवटी विचारलं.

"नाही."

"घरी आलाच नाही. दुसऱ्या कोणाची गाडी चालवतो असं ऐकतो. मी फोन केला तर उचलत नाही. आई मला काही बोलत नाही. रोज त्याचं अंथरूण तेवढं घालते आणि सकाळी घडी करते." मग म्हणाले, "तुमच्याकडे नंबर असेल. तुम्ही लावून बघता का?"

मला असल्या भानगडीत पडायला आवडत नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी ते माहीत असणारा माणूस ह्या शेडमध्ये असणार होता, तो नाही. पण मालकांकडे बघून नाही म्हणवेना. लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला ताई. काय झालं, गाडी पुन्हा चढावर बसली का? भरलेली होती का? कोणाला लागलं नाही ना?"

एका दमात विचारलं सगळं. मी म्हटलं, "गाडी छान आहे. कोणाला काही झालेलं नाही. इथे एक जण आहेत, त्यांना बोलायचंय. ठेवू नका." आणि फोन मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो इतका जपून धरला, जणू गरम होता.

मी अंगणात गेले. आतून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज. मालक आधी भरभर बोलले, मग हळू, मग गप्प. मी नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. दुसऱ्यांच्या बोलण्याला आपली जागा देऊन आपण बाहेर उभं राहायचं, हे मला नवीन होतं. तो हे रोज करायचा काउंटरवर. मला वाटायचं, तो नुसता गोड बोलतो.

मालक बाहेर आले. फोन शर्टाच्या बाहीनं पुसून मला दिला.

"काय म्हणाले?"

"माल घेऊन निघालाय. म्हणाला, परत आल्यावर बघू." मग म्हणाले, "मी म्हटलं त्याला, चुकलं माझं. आईसमोरही म्हणतो म्हटलं. त्यावर काही बोलला नाही. पण मला मालक नाही म्हणाला."

"दादा म्हणाले?"

"नाही. काहीच नाही म्हणाला. पण मालक नाही म्हणाला." आणि हा गृहस्थ, माझ्यासमोर, भर दुपारी, लहान पोरासारखा हसला. मग डोळे पुसले आणि गाडीत चढून गेला. ह्या वेळी फाटकात गाडी बंद पडली नाही.

मी आत येऊन बसले. फोन अजून गरम होता. काही काम नव्हतं असं नाही, एक गिअरबॉक्स उघडून पडला होता. पण मी सासूबाईंना फोन लावला. कधी लावत नाही मी, नेहमी त्याच लावतात, त्यामुळे त्या घाबरल्याच.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही आई. सहज केला."

"सहज?"

"हो. बोलावंसं वाटलं."

पलीकडे गोंगाट होता. टीव्ही चालू होता, जाऊ कोणावर तरी ओरडत होती. मला वाटलं, ह्यांना कामात अडवलं, ठेवावा. तेवढ्यात त्या अगदी हळू म्हणाल्या, "थांब हं. ठेवू नकोस. दार लावून घेते."

पावलं ऐकू आली, गुडघ्यांमुळे सावकाश. पायऱ्या आणि कठडा त्यांनी का विचारला होता, ते माझ्या आत्ता कुठे लक्षात आलं. मग कडी घातल्याचा आवाज. मग खुर्ची ओढल्याचा.

"हं," त्या म्हणाल्या. "बोल."